इलेक्ट्रिक गाडीच्या दारांना लॅमिनेटेड काच: गरज की शोरूममधली चैन? (टोपणनावांनी चाललेली चर्चा)

काचसामान:
टेस्लाने मॉडेल ३च्या पुढच्या दोन दारांना २०२१च्या आवृत्तीत लॅमिनेटेड काच (दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा थर) दिली आणि २०२३च्या नव्या रूपात ती सगळ्या बाजूंना नेली. आपल्याकडे विंडशील्ड लॅमिनेटेड असणं सक्तीचं आहे, पण दारांना बहुतेक गाड्यांत अजून टेम्पर्डच (तापवून कडक केलेली एकेरी काच) असते. वीस-पंचवीस लाखांच्या इलेक्ट्रिक गाडीत निदान पुढच्या दोन दारांना तरी अकूस्टिक, म्हणजे आवाज जिरवणारी, लॅमिनेटेड काच हवीच, असं माझं ठाम मत आहे.

इंजिन होतं तोवर त्याच्या घरघरीखाली बरंच काही झाकलं जायचं. ते गेल्यावर उरले टायर, वारा आणि मोटर-गिअरची बारीक शीळ. वाऱ्याचा आवाज मुख्यतः पुढच्या दाराच्या काचेतून आत येतो, कारण ए-पिलर (विंडशील्डच्या कडेचा खांब) आणि आरशामागे उठणारे भोवरे थेट तिच्यावरच आपटतात.

आता काचेची गोची बघा. साधी ४ मिमी काच ३००० हर्ट्झच्या आसपास स्वतःच थरथरू लागते. तिच्यातली लाट आणि हवेतली लाट तिथे जुळतात आणि आवाज इतर पट्ट्यांपेक्षा सहज आत शिरतो. आपला कान नेमका २००० ते ५००० हर्ट्झमध्येच सगळ्यात तिखट. काच पातळ केली तर आवाज अडवण्यातला हा खड्डा वर सरकतो (३.१५ मिमीला साधारण ३८००), पण कानाच्या टप्प्यातून काही सुटत नाही. १.८ मिमीच्या दोन काचा आणि मध्ये ०.७६ मिमीचा मऊ गाभ्याचा पीव्हीबी (काचा जोडणारा प्लॅस्टिकचा थर) घातला की थरथर तिथल्या तिथे जिरते. वजनही वाढत नाही: ४ मिमी टेम्पर्ड चौरस मीटरला १० किलो, हे सँडविच ९.८. शिवाय पीव्हीबी अतिनील किरण जवळपास सगळे अडवतो.

टायरआधी:
काचेचं गणित बरोबर आहे, पण गाडीचं चुकलं. काचेपुरता फायदा त्या पट्ट्यात ५-६ डेसिबल असेल. केबिनच्या एकूण आकड्यात तो फार तर १-२ वर येतो. का, ते उदाहरणादाखल आकडे धरून पाहू.

ताशी ८० किमीला टायर ६४ डेसिबल, वारा ५८. बेरीज ६५. काच बदलून वारा ४ने खाली आणलात तर बेरीज ६४.४. म्हणजे अर्धा डेसिबल. हा फरक कोणाच्या कानाला कळतो? तेवढ्याच पैशांत चांगले शांत टायर घेऊन टायरचा आवाज ३ने उतरवलात तर बेरीज २ पेक्षा जास्त उतरते.

आपले बहुतेक लोक ८०च्या आतच गाडी चालवतात. डांबर उखडलेल्या राज्य महामार्गावर तर वाऱ्याचा प्रश्नच येत नाही. तिथे खडीचा मार चाकावरून सस्पेन्शनमधून थेट बॉडीत चढतो. त्या २०० हर्ट्झखालच्या घुमण्यावर जगातली कुठलीही काच उपयोगाची नाही.

काचसामान:
८०चं गणित मान्य. आता तेच १२०ला करा. समृद्धीवर कारसाठी मर्यादाच १२० आहे. वाऱ्याच्या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते, म्हणजे ८०वरून १२०ला जाताना साडेदहा डेसिबल. टायर त्याच टप्प्यात सहाएक वाढतात. तुमचेच आकडे घेऊन टायर ७०, वारा ६८.६, बेरीज ७२.४. काचेने वारा ४ने उतरला तर ७१.१. टायर ३ने उतरले तर ७०.९. दोन्हींत काय अंतर राहिलं?

आणि डेसिबलची बेरीज हाच मुळात फसवा आकडा आहे. मागच्या सीटवरच्या माणसाचं बोलणं ऐकू येतं की नाही, हे १००० ते ४००० हर्ट्झवर ठरतं. तिथे ५ डेसिबल कमी झाले की 'काय म्हणालास?' बंद होतं.

टायरआधी:
समृद्धी काँक्रीटचा आहे हे विसरलात. पावसात घसरू नये म्हणून काँक्रीटवर आडव्या रेघा ओढतात. त्या समान अंतरावर असतील तर टायर शीळ घालतो: २० मिमी अंतर आणि १२०चा वेग, म्हणजे साधारण १६७० हर्ट्झ. बरोब्बर तुमच्या 'बोलण्याच्या' पट्ट्यात, आणि उगम टायर! त्यात भर म्हणून दर साडेचार मीटरवर सांधा, म्हणजे सेकंदाला सातेक ठोके.

बीडिंगवाला:
दोघेही नव्या सामानाबद्दल बोलताय. आधी गाडी गळतेय का ते बघा. काच कितीही भारी असो, बीडिंगला (दाराच्या कडेच्या रबराला) दोन मिलिमीटरची फट असेल तर वारा तिथून येणारच.

कागदाची पट्टी दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी ताणून यायला हवी. जिथे सळकन सुटते तिथे रबर दबून गेलंय किंवा दार बाहेर राहिलंय. मग मास्किंग टेप घ्या. आरशाचा पाया, ए-पिलर आणि विंडशील्डमधली खाच, काचेची वरची कड, दाराची मागची फट: एका वेळी एकच जागा झाका आणि त्याच रस्त्यावर, त्याच दिशेला, त्याच वेगाने तीन फेऱ्या मारा. सगळं एकदम झाकून 'फरक पडला' म्हणण्यात काही अर्थ नाही. वारा सुटलेल्या दिवशी तर हे करूच नका.

मोबाइलवर मोजणार असाल तर फक्त डीबीए बघू नका. त्यातलं ए-वेटिंग (कानाच्या संवेदनेप्रमाणे आवाजाला दिलेलं वजन) १०० हर्ट्झला १९ डेसिबल कापून टाकतं, त्यामुळे टायरचं घुमणं आकड्यात दिसतच नाही आणि डोकं मात्र दुखतं. एक-तृतीयांश सप्तकाचा आलेख (आवाज बारीक पट्ट्यांत तोडून) दाखवणारं ॲप घ्या. २००-२५० हर्ट्झला उंच सुळका असेल तर ती टायरमधल्या हवेची घुमण. २०००च्या वर पसरट डोंगर असेल तर वारा. वेगाबरोबर सरकणारी बारीक रेघ असेल तर मोटर किंवा गिअर.

डॅम्पिंगप्रेमी:
मग दारांत २ मिमी बुटाइल शीट (पत्र्याला चिकटवायचं रबरासारखं शीट) मारून घेतलेलं बरं ना? बाहेर सगळीकडे करून मिळतं.

बीडिंगवाला:
मारा, पण समजून. बुटाइल पत्र्याचा खणखणाट मारतं, काचेतून येणारा आवाज नाही. बाहेरच्या पत्र्याच्या २५-४० टक्के भागावर, मधोमध लावलं की काम झालं. १०० टक्के लावणारा तुम्हाला वजन विकतोय. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसायचा, मग रोलरने दाबायचं, नाहीतर मे महिन्यात शीट सुटून विंडो मशीनमध्ये पडते. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवली तर पहिल्याच पावसाळ्यात दारात डबकं.

आणि एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅगसाठी पुढच्या दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. आतली मोठी छिद्रं पत्र्याने किंवा शीटने बंद केलीत तर धडकेच्या वेळी तो दाब वेगळा वाचेल. आतल्या भागाला हात लावण्याआधी सर्व्हिस मॅन्युअल बघा. इलेक्ट्रिक गाडीच्या फ्लोअरला तर स्क्रूही लावू नका. खाली बॅटरी आणि जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबल आहेत.

हातोडी:
एवढं सगळं झालं, पण बाहेर कसं पडणार हे कोणी विचारलंच नाही. टेम्पर्ड काच टोकदार हातोडीने कोपऱ्यात मारली की भुगा होते. लॅमिनेटेडला तडे जातात, पण पीव्हीबी ती धरून ठेवतो. अमेरिकेतल्या ट्रिपल ए संस्थेने २०१९मध्ये काच फोडायची सहा साधनं तपासली. चार साधनांनी टेम्पर्ड फोडली, लॅमिनेटेड एकालाही फुटली नाही. पुलावरून पाण्यात गेलेल्या गाडीत किंवा बटणाने उघडणारं दार बंद पडलेल्या इलेक्ट्रिक गाडीत हा फरक डेसिबलपेक्षा मोठा आहे.

काचसामान:
हा मुद्दा खरा आहे आणि मला खोडता येत नाही. दुसरी बाजू एवढीच की गाडी उलटली तर तीच काच माणसाला बाहेर फेकलं जाण्यापासून अडवते. म्हणूनच मी 'पुढची दोन दारं' म्हणालो. मागे टेम्पर्ड राहू द्या. काचेच्या कोपऱ्यातल्या छापावर लॅमिनेटेड की टेम्पर्ड ते लिहिलेलं असतं. गाडी ताब्यात घेतानाच चारही काचा वाचून ठेवा आणि हातोडी टेम्पर्डच्या जवळ ठेवा. दार हातानं उघडायचा खटका कुठे आहे, तेही घरातल्या सगळ्यांना दाखवा.

टायरआधी:
म्हणजे नवीन गाडीत कंपनीने दिली तर घ्यावी, एवढंच ना? कारण इथे काही जण नंतर बदलून घ्यायच्या गोष्टी करतात. ४ मिमीच्या खाचेत ४.४ मिमीचं सँडविच घातलं की रबर चावतं, काच हळू चढते आणि बोट अडकल्यावर थांबणारी सोय उगाचच उलटी फिरते. कडा नीट बंद नसतील तर दाराच्या आतल्या ओलीने काही वर्षांत काठाला पांढरट पट्टा येतो. आणि अकूस्टिक पीव्हीबीचा मऊपणा २० अंशांच्या आसपासच्या तापमानाला धरून जुळवलेला असतो. अकोल्याच्या मे महिन्यात उन्हात तापलेली काच तेवढं काम करत नाही, एसीने आतली बाजू गार होईपर्यंत तरी.

काचसामान:
नंतर बदलू नये, शंभर टक्के सहमत. पण फोमवाले (आवाज कमी करायला आतून फोम चिकटवलेले) टायरही फुकट नाहीत. पंक्चर झाला की आतला फोम तेवढ्यापुरता कापून, गोंद खरवडून, मशरूम पॅच (आतून बसवायचा छत्रीच्या आकाराचा ठिगळ) लावून परत चिकटवावा लागतो. सीलंटची बाटली ओतली तर फोमच ती पितो. हायवेवरचा किती पंक्चरवाला हे करेल?

टायरआधी:
म्हणून फोमशिवायचा, पण शांत पॅटर्नचा टायर घ्या, ८-१० हजार किमीवर चाकं फिरवा आणि हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणेच भरा. रेंजच्या हावेपोटी ४-५ पीएसआय जास्त भरणारे नंतर केबिन घुमते म्हणून काचेला दोष देतात.