आजीच्या पदकातला लाल खडा: माणिक नाही म्हणतात, आणि मधून भोक आहे

बोरीकाठ, अमळनेर

नमस्कार मंडळी. जुन्या दागिन्यांतलं कळणारं कोणी असेल तर मला मदत हवी आहे.

माझ्या आजीचं एक पदक आईकडून माझ्याकडे आलंय. बंद्या रुपयाएवढं आहे. मधे पावट्याच्या दाण्याएवढा लाल खडा आणि भोवती आठ मोती होते, त्यातले दोन पडलेत. खड्याला पैलू नाहीत. गुळगुळीत आहे, पण एका अंगाला जरा चेपल्यासारखा वाकडा. पाठ सोन्याच्या पत्र्यानं बंद आहे आणि एका चिरेतून आतली लाख दिसते.

आजीचं माहेर मालेगावकडचं, कवळाण्यापासून दोन कोसांवर. सयाजीराव गायकवाडांचं जन्मगाव ते हेच कवळाणं. १८७५ साली तिथला बारा वर्षांचा गोपाळ बडोद्याला दत्तक गेला आणि महाराज झाला. आजीचे आजोबा पुढे बडोद्याला राजवाड्याच्या पागेत कामाला होते आणि हे पदक त्यांना तिथूनच मिळालं, असं आमच्या घरात सांगतात. कागद काही नाही. आजी मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "हाऊ खडा राजवाडाना शे, इकू नको."

मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे. भावाचं म्हणणं, जुनं मोडून तिला चालू घाटाचं काहीतरी करू. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी जळगावला सराफ बाजारात एका दुकानात दाखवलं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "ताई, हे माणिक नाही. लालडी आहे, आणि तीही भोक पाडलेली. सोन्याची मोड घ्या, खडा परत न्या, त्याचं काही येत नाही." भोक खरंच आहे. कडेचं कोंदण झिजलंय तिथं सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसतं. इतक्या वर्षांत आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मला रडू आलं. पैशांसाठी नाही. आजी ऐंशी वर्षं खोटं जपत बसली का, हा विचार काही मनातून जाईना.

राजघराण्यात माणकं घालायची म्हणतात. मग भोक असलेली लालडी राजवाड्यातून येईल का? मोडू की ठेवू? फोटो टाकलेत, पुढून आणि पाठीमागून.

भुसावळकर

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण राजेलोक भोक पडलेला खडा कशाला घालतील? घराघरांत अशा गोष्टी असतात. लग्न तोंडावर आहे, मोड करून मोकळ्या व्हा.

जुना जडावकार, जळगाव

ताई, पदक मोडू नका. आधी एवढं ऐका, मग बाकीचं सांगतो.

मी एकेचाळीस वर्षं जळगावात जडावाचं, म्हणजे सोन्यात खडे बसवायचं, काम केलं, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून थांबलो. दुकानदारानं तुम्हाला दगडाचं नाव कदाचित बरोबर सांगितलं असेल. पण "त्याचं काही येत नाही" हे चूक, आणि भोकाबद्दल तर पुरतं चूक.

भुसावळकर भाऊंनी विचारलं की राजे भोक पडलेला खडा कशाला घालतील. इंग्लंडच्या राजमुकुटात समोर मधोमध जो मोठा लाल दगड आहे त्याला ब्लॅक प्रिन्सचं माणिक म्हणतात. वजन सुमारे १७० कॅरट, म्हणजे ३४ ग्रॅम. १३६७ साली स्पेनमधल्या कॅस्टिलच्या राजाकडून तो इंग्लंडच्या युवराजाकडे आला. त्याच्याही वरच्या बाजूला भोक आहे, आणि ते भोक एक छोटं खरं माणिक बसवून बुजवलंय. कारण मोठा दगड स्वतः माणिक नाहीच. तो स्पिनेल आहे, माणकासारखा दिसणारा पण वेगळा दगड, म्हणजे आपली लालडी.

तो एकटाच नाही. तिमूर रूबी म्हणून जो प्रसिद्ध आहे तो साडेतीनशे कॅरटच्या वर, आजच्या हिशेबानं सात तोळे. त्यावर जहांगीर, शाहजहान, नादिरशहा, अहमदशहा दुराणी यांची नावं कोरलेली आहेत. १८४९ मध्ये इंग्रजांनी लाहोरचा खजिना घेतला त्यात तो गेला, आणि राणी व्हिक्टोरियाच्या हारात बसला. तोही स्पिनेल. रशियाच्या कॅथरिन राणीच्या १७६२ च्या मुकुटावर अगदी शेंड्याला जो लाल दगड आहे तो जवळजवळ ३९९ कॅरटचा, आणि तोही स्पिनेल.

मला उस्तादांनी एक गोष्ट शिकवली होती ती इथं सांगतो. मोगलांच्या जवाहिऱ्यांना हा फरक पक्का माहीत होता. फारसीत माणकाला याकूत म्हणायचे आणि या दगडाला लाल. लाल बदख्शानी. बदख्शान म्हणजे अफगाणिस्तान आणि ताजिकिस्तानमधला पामीरच्या अंगाचा डोंगराळ मुलूख, तिथं याच्या खाणी. युरोपातले लोक मात्र लाल दिसला की रूबी म्हणत राहिले. दोन्ही दगड वेगळे आहेत हे तिथं एका फ्रेंच शास्त्रज्ञानं १७८३ मध्ये मांडलं, तोवर मुकुट घडवून झाले होते. म्हणजे आपल्याकडे लाल हा लाल म्हणूनच घेतला आणि मानानं घातला. पुढे बाजारात स्वस्त लाल खड्यालाही लालडी म्हणायला लागले, आणि शब्दाबरोबर दगडही उतरला. मला याचं फार वाईट वाटतं.

आता भोकाचं. मोगली लाल पैलू पाडून कापत नसत. खाणीतून जसा निघाला तसाच गुळगुळीत करायचे, म्हणजे वजन जात नाही. तुमचा खडा एका अंगाला चेपलेला आहे म्हणता ना, ते त्याचंच लक्षण असू शकतं. मग आरपार भोक पाडून मोत्यांबरोबर ओवायचे. गळ्यात, दंडाला, पगडीच्या तुऱ्याला. पुढे कोणीतरी तो माळेतून काढून कोंदणात बसवायचा. पदकाआधी तो कुठल्या तरी माळेत होता, एवढं ते भोक सांगतं. आणि हे काही आपल्यापासून लांबचं नाही. आपल्या खानदेशची जुनी राजधानी बऱ्हाणपूर. १६०१ मध्ये अशीरगड पडला आणि मुलूख मोगलांकडे गेला. शाहजहान बऱ्हाणपुरात राहिला, मुमताज १६३१ मध्ये तिथंच वारली. असे ओवलेले लाल घालणारी माणसं तापीचं पाणी प्यायली आहेत.

पण ताई, तुमचा खडा लालच आहे असं मी फोटोवरून म्हणणार नाही. काचही असू शकते, तामडा म्हणजे गार्नेटही असू शकतो. तपासायचं कसं ते सांगतो.

खडा कोंदणातून काढावा लागेल, आणि जडावाचं काम येणाऱ्याकडूनच. साध्या सोनाराला देऊ नका, तो सवयीनं दिव्याची ज्योत लावेल. आत लाख आहे, ती पेटेल, मोती करपतील. कोंदणाचं सोनं मऊ असतं, ते थंडच सलईनं उचलायचं. खड्याखाली चमकदार पत्री निघेल, तिला आम्ही डाक म्हणतो. ती फेकू देऊ नका. डाक निघाल्यावर खडा जरा फिका दिसेल, घाबरू नका.

मग कॅरटच्या काट्यावर वजन करा. आधी हवेत, मग बारीक दोऱ्यानं पाण्यात लोंबता ठेवून. भोकातली लाख आधी साफ करा, नाहीतर आकडा चुकेल. पाण्यात जितकं वजन कमी भरलं त्यानं मूळ वजनाला भागा. माणिक असेल तर ४ च्या आसपास येतं. लालडी ३.६. तामडा बहुतेक ३.७ च्या वर. काचेचा भरवसा नाही, ती कुठंही येते, म्हणून शेवटचा निकाल प्रयोगशाळेचाच. त्यांच्याकडे प्रकाश दगडात किती वळतो ते मोजतात. माणकात किरण दुभंगतो आणि दोन बाजूंनी पाहिलं तर दोन छटांचा लाल दिसतो, लालडीत एकच. रंग दोघांना एकाच धातूनं येतो, क्रोमियमनं. म्हणून नुसत्या डोळ्यांना दोघं सख्ख्या भावांसारखे.

एक आठवण लिहितो, कारण ती माझ्या छातीवर आहे. काम शिकून नुकता बाहेर पडलो होतो. चोपड्याकडच्या एक आजीबाई नथ घेऊन आल्या. नथीत असाच गुळगुळीत, जरा काळपट लाल दाणा, भोकाचा. त्यांच्या सुनेला चकचकीत हवा होता. मी तो काढला आणि कारखान्यात बनलेलं माणिक बसवलं. ते बनवायची रीत १९०२ पासूनची, भट्टीच्या ज्योतीत भुकटी वितळवून. ते चोख लाल असतं, फक्त भिंगाखाली आत वाकड्या रेघा दिसतात. आजीबाई खूश होऊन गेल्या. जुना दाणा परत देऊ केला तर म्हणाल्या, राहू दे, काय करू त्याचं. तो माझ्या पेटीतल्या डबीत पडून राहिला आणि दुकान बदलताना गेला. तो काय होता ते मला दहा वर्षांनी कळलं. त्यांचं गाव माहीत नव्हतं, नाव विसरलो होतो. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्याबरोबर लिहायला बसलो.

रत्नागिरीहून धुळेकर

काकांनी लालचं इतकं छान सांगितलं, मी खऱ्या माणकाचं थोडं भर घालतो. नोकरीनिमित्त अकरा वर्षं रत्नागिरीत आहे. इथला थिबा राजवाडा रोज दिसतो. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. उत्तम माणकांची मोगोकची खाण त्याच्या राज्यात होती, आणि मोठा खडा निघाला की तो राजाचा असा कायदा होता. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला पदच्युत केलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१० मध्ये हा वाडा झाला आणि १९१६ मध्ये तो इथंच वारला.

आणि पाहा, १९४७ मध्ये एलिझाबेथ राणीच्या लग्नात ब्रह्मदेशाकडून आहेर गेला ९६ माणकांचा. माणसाला ९६ रोग होतात आणि एकेक माणिक एकेकापासून राखतं, अशी तिकडची समजूत. १९७३ मध्ये राणीनं त्यांचा मुकुट करून घेतला. त्यातले हिरे आले ते तिच्याच लग्नात हैदराबादच्या निजामानं दिलेला हिऱ्यांचा मुकुट मोडून. मोडीची सवय राजवाड्यातही असते, ताई, पण निजामाचा तो मुकुट आता फक्त फोटोत उरलाय. तुम्ही घाई करू नका.

भुसावळकर

काका, मी न कळता लिहिलं. ताई, माफ करा. तपासायला मुंबईच्या प्रयोगशाळेत खडा घेऊन जायचं असेल तर सोबत म्हणून माझी बायको येईल. तिची दर महिन्याला खेप असते.

बोरीकाठ, अमळनेर

काका, तुमचं उत्तर भावाला मोठ्यानं वाचून दाखवलं. चोपड्याच्या आजीबाईंपाशी आल्यावर तो उठून बाहेर गेला. परत आला तो पदक कपाटात ठेवूनच.

मग तुम्ही सांगितलं तसा जडावाचा माणूस शोधला. समोर बसून काढून घेतलं, दीड तास लागला. त्यांनी ज्योत पेटवलीच नाही. खड्याखाली खरंच डाक होती, गुलाबी झाक असलेली, नखापेक्षा पातळ, कडेला काळी पडलेली. खडा हातावर घेतला तर पहिल्यांदाच त्याच्या आरपार पाहता आलं. गर्द लाल नाही. पिकलेल्या डाळिंबाचा दाणा उन्हात धरल्यासारखा आहे. भोक सरळ नाही. दोन्ही टोकांकडून पाडत आणलंय आणि मधे किंचित चुकलंय, तिथं आत एक पायरी दिसते. कोणीतरी हातानं पाडलंय ते.

वजन ५.३७ कॅरट. पाण्यात १.४९ नं कमी भरलं. मुलीनं मोबाईलवर भागाकार केला, ३.६०. तिनंच मुंबईला पाठवायचा हट्ट धरला. परवा प्रयोगशाळेचा दाखला आला: नैसर्गिक स्पिनेल, काच नाही, कृत्रिम नाही.

बडोद्याचा आहे की नाही हे त्यावरून कळत नाही, हे मला समजतं. पण आजी काचेचा तुकडा जपत नव्हती. मुलगी म्हणते, मला चालू घाट नको, हेच हवंय, आणि भोक बुजवू नका.

काका, एक विचारते. दोन मोती पडलेत. नवे बसवले तर बाकीच्या सहा जुन्यांत पांढरे फटक दिसतील. काय करू?

जुना जडावकार, जळगाव

ताई, तीन वेळा वाचलं तुमचं. बरं वाटलं.

नवे मोती घेऊच नका. घरात कुणाची जुनी तुटकी नथ किंवा कुडी असेल तर त्यातले दोन काढा. रंग वयानं जुळतो, आकार उन्नीसबीस असला तरी चालेल. डाक तीच परत घाला, नवी घातलीत तर खडा भडक दिसेल. कडेचं झिजलेलं कोंदण भरायला सांगा, पण भोकाच्या तोंडावर सोनं चढवू देऊ नका, दिसत राहू दे. आणि पदक गाठवायला रेशीमच वापरा, नायलॉन नको. मार्गशीर्षाला अवकाश आहे. एखाद्या सकाळी पदक घेऊन या, मुलीलाही आणा. मला तो खडा एकदा हातात घेऊन पाहायचा आहे.