टॅपिओका स्टार्च आणि पीबीएटीची पिशवी पावसाळ्यात चिकटते, ठेवली की तडकते

काजूकलम_फोंडा:
फोंड्याजवळ आमचे छोटे युनिट आहे. काजूच्या कलमांसाठी पिशव्या काढतो. पीबीएटी (कुजणारे, लवचिक प्लास्टिक) ६० टक्के, बाकी मऊपणासाठी ग्लिसरीन मुरवलेला टॅपिओका (कसाव्याच्या कंदाचा) स्टार्च. जून लागला की रोलचे थर एकमेकांना धरून बसतात, बोटाला ओलसर-तेलकट लागते. तोच रोल काही महिने पडून राहिला तर घडीवर तडकतो. फिल्म उजेडाला धरली की पांढरे ठिपके दिसतात. पीबीएटी वाढवणे परवडत नाही. काय करू?

कंपाउंडिंगवाला:
बाब, या तीन वेगळ्या तक्रारी आहेत, एका औषधाने जायच्या नाहीत.

ठिपके म्हणजे न फुटलेले स्टार्चचे कण. ग्लिसरीन लावलेला स्टार्च रात्रभर मुरू द्या, आधी एकटाच एक्स्ट्रूडरमधून (तापवून, मळून बाहेर ढकलणाऱ्या यंत्रातून) काढा, मग पीबीएटीत घाला. पीबीएटी १२० अंशांच्या आत वितळते, त्यामुळे तापमान १४०-१५० पुरते. त्याहून फार चढवले तर स्टार्च करपतो, वास लगेच येतो.

चिकटपणा ग्लिसरीनचा. ते हवेतले पाणी ओढते आणि हळूहळू पृष्ठभागावर येते. निम्मे काढून सॉर्बिटॉल (तसाच मऊपणा देणारा पदार्थ) घाला, ते ओलावा कमी धरते. सगळेच बदलू नका, नुसते सॉर्बिटॉल पुढे फिल्मवर स्फटिक धरते.

तडकणे म्हणजे शिळा भात कडक होतो तेच. स्टार्चच्या साखळ्या पुन्हा जवळ येऊन रचल्या जातात. त्यात स्टार्चला पाणी हवे, पीबीएटीला नको, म्हणून दोघांचा सांधा कच्चा. तिथे मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले पीबीएटी थोडे घाला: अनहायड्राइड स्टार्चला धरते, साखळी पीबीएटीत मिसळते. माझ्या मते पैसे इथेच घालावेत. सायट्रिक आम्ल स्वस्त पडते, पण जास्त झाले तर दोन्हींच्या साखळ्या तोडते, फिल्म लिबलिबीत होते.

रोपवाटिका_डिचोली:
मी या पिशव्या घेते त्या कलम पिशवीसकट खड्ड्यात लावता यावे म्हणून. मजबुतीसाठी कोणी पीएलए (दुसरे एक कुजणारे प्लास्टिक) घालायला सांगेल तर दादा, कृपा करून नको. ते साधारण ५८ अंशांच्या तापलेल्या कंपोस्टात कुजते, आपल्या मातीत तसेच राहते आणि मुळे अडतात.

काजूकलम_फोंडा:
पीएलए नाही घालणार, ताई. सॉर्बिटॉल आजच मागवतो. थर सुटे राहायला बारीक टाल्क चालेल का?

कंपाउंडिंगवाला:
चालेल, एक-दोन टक्के. पण टाल्क आधी वाळवा. आणि तयार रोल लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, उघड्यावर एक रात्रही नको.