पावनखिंडीचा देखावा: आवाज, लाईट, पाऊस आणि मातीचा वास एकत्र चालवायला कुठलं सॉफ्टवेअर?

पेठेतला_पोरगा:
मंडळी, सल्ला हवाय. यंदा मंडळाचा देखावा पावनखिंडीचा, बाजीप्रभू, विशाळगडावरच्या तोफा, सगळं. निवेदन रेकॉर्ड करून झालंय, दहाएक मिनिटांचं आहे. आत्तापर्यंत पेनड्राईव्हवर ऑडिओ लावायचा आणि एक जण स्विचबोर्डवर बोटं ठेवून बसायचा असं चालायचं. ह्या वेळी पोरांच्या डोक्यात पाऊस, वारा, धूर, पायाखाली हादरा आणि वर ओल्या मातीचा वास पण आलाय. सगळं निवेदनाबरोबर आपोआप व्हायला पाहिजे. लॅपटॉप विंडोजचा, बजेट वर्गणीचं, काय ते समजून घ्या. कुणी टचडिझायनर सांगतंय, कुणी क्यूलॅब. काय घेऊ?

साऊंडवाला_सांगली:
क्यूलॅब फक्त मॅकवर चालतं, विषय संपला. नाटकवाल्यांचं लाडकं आहे, लायसन्स दिवसाच्या भाड्याने पण मिळतं, पण त्यासाठी मॅक कोण देणारे. टचडिझायनर भारी आहे, पण ते प्रेक्षक पुढे आला की चित्र बदललं असल्या कामाला, आणि फुकटच्या आवृत्तीत चित्र १२८० बाय १२८० च्या वर जात नाही. तुमचा शो ठरलेल्या वेळेचा आहे. सरळ क्यूएलसी प्लस घ्या. फुकट, ओपन सोर्स, विंडोजवर चालतं. त्यात शो मॅनेजर म्हणून टाइमलाइन मिळते, निवेदनाचा ट्रॅक टाकायचा आणि त्याखाली लाईटचे सीन सरकवत बसायचं. यूएसबीवरून डीएमएक्स (म्हणजे लाईटांना हुकूम देणारा सिग्नल) काढणारा एक डबा लागेल तेवढा घ्या.

पेठेतला_पोरगा:
लाईट कळलं दादा, पण पावसाचा पंप आणि वाऱ्याचा पंखा डीएमएक्सवर कसा घेणार?

साऊंडवाला_सांगली:
रिलेवाला डीएमएक्स स्विच पॅक मिळतो. एका लाईनीवर ५१२ चॅनल असतात, त्यातला एक पंपाला, एक पंख्याला. सॉफ्टवेअरला काय, तो पंप म्हणजे पण एक लाईटच. फक्त डिमर पॅकवर (लाईट मंद-प्रखर करणारा डबा) मोटर लावू नका, गरम होऊन बसेल. आणि पाणी आहे म्हणजे ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) पाहिजेच, ते काम वायरमनकडूनच करून घ्या. अजून एक, डीएमएक्समध्ये चुकीचा सिग्नल पकडायची सोयच नाही, त्यामुळे जाळ, दारूकाम असलं काही त्याच्यावर चुकूनही घेऊ नका.

नाकाडोळ्यांनी:
वासाबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते. लाईट विझवता येतो, वास विझवता येत नाही. अमेरिकेत १९६० साली स्मेल-ओ-व्हिजन म्हणून थिएटरात नळ्यांतून वास सोडायचा प्रयोग केला होता, तर मागच्यांना वास उशिरा पोचायचा आणि वर फुस्स असा आवाज यायचा. मशीन कितीही हुशार असलं तरी हवा आपल्याच चालीने चालणार! म्हणून एकच वास ठेवा, मातीचाच. कनौजचं मिट्टी अत्तर मिळतं, महाग असतं पण डिफ्युझरमध्ये थेंबभर पुरतं, पुढे छोटा पंखा. मग एकाला शेवटच्या रांगेत मोबाईलचं स्टॉपवॉच देऊन उभा करा, वास पोचायला जेवढे सेकंद लागतील तेवढा वासाचा क्यू (सोडायचा इशारा) टाइमलाइनवर अलीकडे घ्या. मंडप भरला की हे परत मोजा, गर्दीत हवा वेगळी खेळते. आणि शो झाला की एक्झॉस्ट, नाहीतर पुढच्या बॅचला तोफांच्या आधीच पाऊस पडून गेलेला असेल 😄

कट्ट्यावरचा:
हादऱ्यासाठी मोठे सबवूफर लावत सुटू नका राव, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. बास शेकर बघा, आवाजाऐवजी हादरा देणारं यंत्र असतं ते, प्रेक्षक उभे राहतात त्या प्लायला खालून स्क्रूने आवळायचा, वेगळा अॅम्प्लिफायर, ८० हर्ट्झच्या खालचं तेवढं त्याला द्यायचं. आवाज बेताचा आणि तोफ थेट पोटरीत येते. फक्त विशाळगडाच्या तोफांना वापरा, सगळ्या लढाईला लावलात तर तोफा आल्या हे कळणारच नाही.
सॉफ्टवेअरबद्दल माझं मत जरा वेगळं. प्रोजेक्टर पण असेल तर शाटेन (Chataigne) बघा, ते पण फुकट, ओएससी आणि मिडी हे शोच्या उपकरणांचे सिग्नल, डीएमएक्स, आर्डुइनोचा छोटा कंट्रोलर बोर्ड, सगळ्यांना एकमेकांशी बोलतं करतं. नसेल तर नका त्या भानगडीत पडू.

नाकाडोळ्यांनी:
आणि सगळं आपोआप करायचा हट्ट सोडा. आमदार येणार, आरती लागणार, मध्येच थांबवावं लागणारच. क्यूएलसीच्या व्हर्च्युअल कन्सोलवर दोन मोठी बटणं काढा, एक शो सुरू, एक सगळं बंद. रात्री कोण पोरगा बसेल सांगता येत नाही, त्याला बाकी काही दिसायलाच नको.

पेठेतला_पोरगा:
लय भारी, प्रोजेक्टर नाहीये त्यामुळे क्यूएलसीच. आत्ताच उतरवलंय. एकच, डीएमएक्सला माईकची केबल चालेल का? मंडळाकडे गोणीभर पडलीये.

साऊंडवाला_सांगली:
टेबलावर टेस्टिंगला चालेल. मंडपात नको, डीएमएक्सची केबल १२० ओहमची लागते, माईकची तशी नसते, लांब गेली की लाईट मध्येच लुकलुकायला लागतात. आणि शेवटच्या लाईटला १२० ओहमचा टर्मिनेटर, तो घरीच करता येतो, प्लगच्या दोन आणि तीन नंबर पिनमध्ये रेझिस्टर डाग दिला की झालं.