स्प्लिट ते डुब्रोव्हनिक बसने, तिथे कयाक: सल्ला हवा

रेवाकाठ: जूनमध्ये क्रोएशियात जायचंय, विमान नको. दोघं, भारतीय पासपोर्ट, सिंगल एंट्री (एकदाच प्रवेश देणारा) शेंगेन व्हिसा, एक रात्र मुक्काम. डुब्रोव्हनिकच्या जुन्या शहराच्या तटबंदीखालून कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) चालवायची आहे, अनुभव शून्य. बस आणि कयाक मिळून दोघांचं बजेट १५० युरो.

घाटवाट: डुब्रोव्हनिकला रेल्वे नाही, शोधू नका. स्प्लिटचं बसस्थानक बंदराला लागूनच आहे. जाताना उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्याच बाजूला. डिकीतल्या बॅगेसाठी सुटे युरो ठेवा.

खारावारा: बस कसली, कॅटामरान (वेगवान प्रवासी बोट) घ्या! जास्त पैसे गेले तरी चालतील. थेट डुब्रोव्हनिकच्या ग्रुझ बंदरात उतरवते.

घाटवाट: बसही ग्रुझलाच थांबते. पुढे १ए किंवा १बी सिटी बसने पिले दरवाजा, म्हणजे जुन्या शहराचं प्रवेशद्वार.

सुकाणू: मुख्य गोष्ट राहिली. नेउमवरून जाणारी बस घेऊ नका. तेवढा किनारा बॉस्नियाचा, आणि बॉस्निया शेंगेनबाहेर. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे नेउमला तुमची एकमेव एंट्री संपते. नेउमला वळसा घालणाऱ्या, जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या पेल्येशाच पुलावरून जाणारीच बस बघा.

माडबन: नेउम टाळाच. +१. आणि आधी तटबंदीवर चाला, १,९४० मीटर आहे. डुब्रोव्हनिक पासमध्ये तट आणि सिटी बस दोन्ही येतं.

खारावारा: चालायला कशाला, खालूनच तट खरा दिसतो.

सुकाणू: कयाक पिलेच्या खाडीतून सुटतात. दोघांची घ्या, ताकदवान माणूस मागे. पाय टेकायच्या खाचा आधी जुळवा, गुडघा किंचित वाकलेला हवा. पाय ताठ राहिले तर अर्ध्या तासात कंबर धरते. बोटीची लाट आली की टोक लाटेकडे वळवा आणि वल्हवत राहा, आडवे राहिलात की उलटता. जुगो (आग्नेयेचा) वारा असेल तर जाऊच नका: लाटा तटावर आपटून उलट फिरतात, पाणी दोन्हीकडून उसळतं. दुपारी मायस्त्राल (वायव्येचा वारा) ही वाढतो, म्हणून सकाळी ९ ची फेरी.

माडबन: सकाळीच. वाटेतल्या बेटिना गुहेपाशी गोटे आहेत, पट्ट्याच्या चपला घाला. माणशी दीड लिटर पाणी.

रेवाकाठ: सगळ्यांचे आभार. पुलावरची बस पक्की केली. कयाक मात्र संध्याकाळचीच घेतली. बस दुपारी पोचते, परतीची सकाळी ८ ला आहे, आणि सूर्यास्ताकडे मायस्त्राल पडतो. जुगो असला तर पैसे परत, हे त्यांच्याकडून लिहून घेतलंय.