विषय: अँजिओप्लास्टी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या

वडील ७८ वर्षांचे, अँजिओप्लास्टीत (हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने उघडताना) रक्तस्राव होईल म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधीच बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. स्वतःच्या मनाने मुळीच करू नका. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) टाकल्यावर तर नाहीच. त्यात गुठळी झाली तर जिवावर बेततं.

भीती खोटी नाही, हे मान्य. उतारवयात मूत्रपिंडं मंदावतात, वजन घटतं, मग तरुणाला चालणारा डोस जड जातो. म्हणून प्रासुग्रेल ही रक्त पातळ करणारी जास्त जोरकस गोळी पंचाहत्तरीनंतर किंवा ६० किलोच्या आत सहसा टाळतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट आणि आजचं वजन (गेल्या दिवाळीचं नव्हे!) डॉक्टरांना सांगा. कॅथेटर (रक्तवाहिनीत घालायची बारीक नळी) मनगटातून जाईल का तेही विचारा. जांघेपेक्षा तिथे रक्तस्राव कमी होतो.

आमच्या आईची परळला मनगटातूनच झाली, काही त्रास नाही. घोळ झाला तो दादरला घरी आल्यावर. गुडघे दुखतात म्हणून तिने जुन्या डब्यातली डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी सुरू केली, आम्हाला पत्ताच नाही. चार दिवसांत शौचाला डांबरासारखं काळं, म्हणजे पोटात रक्तस्राव! डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, पोटातलं आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल दिलं. स्टेंटच्या गोळ्या मात्र चालूच ठेवल्या.