मदत हवी आहे: दोन फुटी टाकी, दोन एंजल मासे, सोबत कोण?

नमस्कार मंडळी,

समोरच्या फ्लॅटमधलं कुटुंब बदली होऊन नागपूरला गेलं आणि त्यांची माशांची टाकी आमच्या हॉलमध्ये आली. आम्ही नेरूळला राहतो. टाकी २४ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच. काठोकाठ भरली तर ७० लिटर होतात, पण खाली वाळू आणि वर मोकळी जागा सोडल्यावर पाणी ६० लिटरच्या आसपासच राहतं. फिल्टरचा स्पंज न धुता तसाच ओला आणला, त्यामुळे फिल्टर जुना, मुरलेला आहे, म्हणजे पाणी साफ ठेवणारे जिवाणू त्यात आधीच आहेत.

आत काळ्या पट्ट्यांचे दोन एंजल आहेत, अडीच इंचांचे असतील. पाच विडो टेट्रा आहेत. ते आणले तेव्हा गुलाबी-हिरवे होते म्हणे, आता पांढुरके दिसतात. आणि चार बोटं लांब असा एक सकर, जो दिवसभर पाइपामागे दडून असतो.

आता घरातल्या फर्माइशी ऐका. लेकीला गोल्डफिश हवा आणि शेपटीवाला निळा फायटरही हवा. नवऱ्याला निऑन टेट्राचा थवा हवा. दुकानदार म्हणाला, "ताई, सगळे एकत्र राहतात, बिनधास्त टाका." या फोरमवरचे जुने धागे वाचले तर तसं काही वाटत नाही.

दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या आहेत. एक विडो सारखा एंजलच्या लांब पंखांना तोंड लावतो. आणि आत्ता, मे महिन्यात, दुपारी थर्मामीटर ३१ दाखवतो. पाणी महापालिकेचं आहे, म्हणजे मोरबे धरणाचं. बोअरचं किंवा टँकरचं नाही.

तर या टाकीत आणखी कोण राहू शकेल? की आहेत त्यांतलेच कुणी कमी करायला हवेत? माझं बजेट तसं बरं आहे, पण दुसरी मोठी टाकी ठेवायला घरात जागा नाही.

टाकीवेडा:
ताई, माप, तापमान, पाणी सगळं दिलंत, फार बरं झालं. बहुतेक लोक "माझे मासे मरतायत, काय करू" एवढंच लिहितात.

आधी सकर परत करा. दुकानात चार इंचांचा मिळतो, पण तो वाढून दीड फूट होतो. "घाण खातो" हा गैरसमज आहे. तो शेवाळ खातो, आणि स्वतः इतकी विष्ठा करतो की फिल्टर थकतो. शिवाय पोट भरलं नाही की रात्री एंजलसारख्या चपट्या माशाच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खरवडतो. तो परत घ्यायला दुकानदार सहसा तयार असतात. काहीही झालं तरी तलावात सोडू नका. हा दक्षिण अमेरिकेचा मासा आपल्याकडच्या पाणथळ जागांत आधीच पसरला आहे आणि देशी माशांच्या मुळावर उठला आहे.

गोल्डफिश नाहीच. त्याला थंड पाणी लागतं, वीस-बावीस अंश. तुमच्या ३१ मध्ये तो धापा टाकेल. एंजल त्याच्या उलट, त्याला गरम पाणी आवडतं.

निऑनचं सांगायचं तर निऑन आणि एंजल दोघंही अॅमेझॉनच्या खोऱ्यातले, म्हणून जोडी शोभेल असं वाटतं. पण तिथेही एंजल लहान टेट्रा खातोच. आज त्याच्या तोंडात मावणार नाही, सहा महिन्यांनी मावेल. मग रोज सकाळी एकेक निऑन कमी होत जाईल आणि तुम्ही फिल्टरमध्ये शोधत बसाल.

निळी_गुरामी:
वरच्या सगळ्याला सहमत. विडोबद्दल एक भर. ते रंगवलेले असतात, म्हणून रंग उडाला. मासे आजारी नाहीत. घोळका लहान असला की ते पंख कुरतडतात. आणखी तीन आणा, मग भांडण आपापसात राहतं.

टाकीवेडा:
इथे मात्र पटत नाही. ६० लिटरमध्ये दोन एंजल पूर्ण वाढले की पंखांसकट उंची सात-आठ इंच होते. त्यात आठ विडो म्हणजे गर्दीच्या वेळची कर्जत लोकल. माझा सल्ला, विडोही परत करा, किंवा विडो ठेवून एंजल परत करा. दोघांना एकत्र ठेवायला ही टाकी लहान आहे.

आणि ते दोन एंजल नर-मादी निघाले तर जोडी जमेल, फिल्टरच्या पाइपावर अंडी घालतील आणि बाकी सगळ्यांना एका कोपऱ्यात दाबून ठेवतील. हे सगळ्यांनाच दिसतं, पण मासे आणल्यानंतर.

निळी_गुरामी:
ठीक, जागेचं म्हणणं मान्य. मग एंजल ठेवायचे असतील तर तळाशी सहा कोरीडोरास, म्हणजे तळाशी फिरणारे छोटे मासे. त्यांचा वावर वाळूत, एंजलचा वरच्या भागात, त्यामुळे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. मात्र त्यातली स्टर्बाय जात मागा, कारण ती गरम पाणी सोसते. पेपर्ड कोरी आपल्या मे महिन्यात टिकत नाही. टाकीवर छोटा पंखा लावलात तर बाष्पीभवनाने दोनेक अंश उतरतील, एवढं तरी कराच. पाणी रोज थोडं उडेल, तेवढं भरत जा.

पाणी बदलताना एक गोष्ट सांभाळा. गच्चीवरची टाकी दुपारी तापलेली असते, तेव्हा बादली भरू नका. सकाळी भरा, अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाका, मग वापरा. नवीन मासे आणले की निदान दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. पांढरे ठिपके आले तर तिथेच दिसतील.

प्रश्नकर्ती:
धन्यवाद दोघांनाही. सकर आणि विडो परत देते, एंजल ठेवते, स्टर्बाय शोधते. नवऱ्याची समजूत काढली. लेक मात्र फायटरवर अडून बसली आहे. तो यांच्यात टाकला तर?

टाकीवेडा:
यांच्यात नको. एंजल त्याची शेपटी सोडणार नाहीत, आणि तो तरी कुठे गप्प बसणार! पण तुमच्या घरात त्याचीच सोय सगळ्यात सोपी आहे. १५-२० लिटरची छोटी टाकी, एकच फायटर, हळू चालणारा स्पंज फिल्टर. त्याला गरम पाणी चालतं, आणि पाण्यावर येऊन तो थेट हवाही घेतो. झाकण मात्र हवंच, तो उडी मारतो. काचेच्या गोल बरणीत ठेवू नका, दुकानदाराने कितीही सांगितलं तरी. अभ्यासाच्या टेबलावर मावेल एवढीच टाकी लागते.

प्रश्नकर्ती:
टेबल तिचंच, मग पसाराही तिनेच आवरायचा, या अटीवर कबूल. शेवटचा प्रश्न. सकर गेल्यावर काचेवरचं शेवाळ कोण काढणार?

टाकीवेडा:
तुम्ही. जुन्या एटीएम कार्डाने छान खरवडलं जातं. टाकीतला दिवा किती तास चालू असतो?

प्रश्नकर्ती:
सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत.

टाकीवेडा:
शेवाळ त्याचंच. टायमर लावा, सात-आठ तास पुरे. आणि टाकी खिडकीसमोर असेल तर आधी ती तिथून हलवा.