सणासुदीला कुणासाठी वेळ काढलात? बेळगावकरांनो, सांगा की!

सकाळी फिरायला निघालो की टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून माझं जाणं होतं. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा येणाऱ्यांच्या पाण्यासाठी खोदलेली ही विहीर. सेवा दल उभारणाऱ्या डॉ. ना. सु. हर्डीकरांचे स्वयंसेवक तेव्हा दिवसरात्र राबले. परवा नातवाला हे सांगत होतो तर त्यानं विचारलं, "आज्जा, त्यांना शाळेला सुट्टी होती काय?" मला उत्तर सुचलं नाही. म्हणून हा धागा.

वर्गणी दिली, पावती फाडली, ते नको. स्वतःचा सण बाजूला ठेवून कुणासाठी काय केलंत ते लिहा. फसलं असेल तर आधी ते लिहा. संस्थांची नावं टाळा.

माझ्यापासून सुरुवात. विसर्जनाची मिरवणूक आमच्याकडं दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि गुलाल खाली बसायच्या आत पौरकार्मिक, म्हणजे पालिकेच्या सफाई कामगार बायका झाडू घेऊन हजर असतात. एका वर्षी मी मोठ्या प्रेमानं चहाची किटली घेऊन गेलो. एक बाई म्हणाली, "चहा नको मामा. प्यायलो की जायचं कुठं? पहाटेपास्नं जागा शोधूलालोय." मी किटली तिथंच ठेवली आणि घरचं परसदार उघडलं. आता त्या सकाळी गल्लीतली चार घरं संडासाला बाहेरून कडी घालत नाहीत. चहा त्यानंतर देतो.

निपाणीकडचा, नोकरीला बेळगावात

मामा, तुमच्या किटलीसारखीच आमची गत. २०१९ चा ऑगस्ट. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलेलं, रस्ता बंद. पाणी उतरलं तोवर गणपती आले, २ सप्टेंबरला. मंडळानं त्या वर्षी देखावा रद्द केला आणि आम्ही पंधरा जण टेंपो भरून नदीकाठच्या एका गावात गेलो. टेंपोत बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि आख्ख्या गल्लीच्या जुन्या साड्या.

शाळेच्या व्हरांड्यात आधीच जुन्या कपड्यांचा ढीग पडलेला. पोरं त्यावर उड्या मारत होती. एक काकू म्हणाल्या, "ठेवा तिकडं. खोरं आणलाय काय?"

नव्हतं आणलं. दोघांना निपाणीला परत धाडलं. खोरी, पाट्या, खराटे, फिनेल असं घेऊन ते आले तोवर दुपार झाली.

गाळ काढायची अक्कल काकूंनी शिकवली. वाळू द्यायचा नाही, वाळला की विटेसारखा बसतो. वरून पाणी मारत राहायचं, आत एकानं फळीनं दाराकडं लोटायचं, दाराशी दुसऱ्यानं पाटीत भरायचं. वास तर विचारू नका, कुजलेला कडबा आणि रॉकेल. लेकीची ट्रंक सापडली तेव्हा काकू पहिल्यांदा खाली बसल्या. दहावीचं मार्क्सकार्ड आणि रेशन कार्ड एकमेकांना चिकटून वडी झालेली. मी घाईनं सुटं करायला गेलो आणि एक कोपरा माझ्या हातात आला. त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं माझ्या हातातनं काढून घेतलं आणि सावलीत फळीवर पसरलं. तो कोपरा अजून डोक्यातनं जात नाही.

रात्री आरतीला टाळ्या वाजवता येईनात, तळहाताला फोड आलेले.

वसतिगृहात वाढलेला

मी घेणाऱ्या बाजूचा, म्हणून थोडं तिखट लिहितो. सातवीत असताना दिवाळीच्या एका दिवशी आम्हाला सात वेळा फराळ मिळाला. प्रत्येक वेळी ओळीत उभं राहायचं, बॉक्स छातीशी धरायचा, फोटो. संध्याकाळी अर्धी पोरं पोट धरून बसलेली. तुळशीचं लग्न होईपर्यंत मात्र पुन्हा कुणी फिरकलं नाही.

एक अण्णा वेगळे. सायकल दुरुस्त करायचे. सुट्टीत आठवड्यातनं एकदा येऊन वसतिगृहाच्या सायकली उलट्या करायचे आणि पंक्चर काढायला आम्हालाच बसवायचे. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे. खाऊ कधी आणला नाही. मला आजही त्यांचाच चेहरा आठवतो, त्या सात बॉक्सवाल्यांपैकी एकाचाही नाही.

निवृत्त कंडक्टर, खानापूर

ह्याला समाजसेवा म्हणायचं का ठाऊक नाही. लक्ष्मीपूजनाची मुक्कामाची गाडी कुणालाच नको असते. आमच्या डेपोत एक मुसलमान सोबती होता, तो दरवर्षी ती घ्यायचा. रमजान ईदला त्याची ड्युटी मी करायचो. साहेबानं सांगितलं नाही, कागदावर कुठं नाही. सकाळी गाडी डेपोत लागली की सीटवर शिरखुर्म्याचा डबा असायचा. दिवाळीत माझ्याकडनं करंज्या. त्याला करंजीपेक्षा चकली आवडते हे नऊ वर्षांनी कळलं, बोलला नाही खुळा.

शिक्षिका, जांबोटी-कणकुंबी भाग

माझा फसलेला. मे महिन्यात पोरांसाठी वाचनवर्ग काढला, फुकट. पहिल्या दिवशी दोन पोरं, दुसऱ्या दिवशी एक, तेही माझ्या शेजारचं. मी मनात पालकांना नावं ठेवली. मग एक पोरगी वाटेत भेटली, बोटं काळी पडलेली. काजूचा हंगाम! झाडाखाली पडलेला बोंडू उचलायचा, बी पिळून काढायची, पिशवीत टाकायची. पोरांची सुट्टी त्यातच जाते आणि त्या पैशातनं जूनच्या वह्या येतात. एवढी वर्षं इथं शिकवते आणि मला हे दिसलं नव्हतं.

वर्ग मी झाडाखाली नेला. गोष्टी मी वाचायची, पोरं बिया काढायची, मीही काढायची. गणित म्हणून वजन आणि दर घातलं. आठ दिवसांत पोरं व्यापाऱ्याच्या काट्याशी हिशेब ताडून बघायला लागली. तो माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

पुण्यात आयटीवाला, घर कंग्राळीकडं

२०२३ चे गणपती. कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना नुकतीच सुरू झालेली, घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला २,००० रुपये. फोनवर मेसेज कन्नडमधनं, आणि आमच्या आज्ज्या शिकलेल्या मराठीत. मी मराठी शाळेत असलो तरी कन्नड विषय होता, तेवढ्यावर वाचून दाखवायचो. कट्ट्यावर बसलो तर दुपारपर्यंत तीस फोन जमा. कुणाचं आधार बँकेला जोडलेलं नाही, कुणाचं रेशन कार्डावर नाव चुकीचं. पाच दिवसांच्या सुट्टीतले तीन दिवस गेले. आई वैतागली, मोदकांना हाक मारून मारून. मलाही चौथ्या दिवशी कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. एका आज्जीला "उद्या बघूया" म्हटलं आणि उद्या गाडी पकडली. तिचं काम दिवाळीत केलं.

शहापूरची

नरकचतुर्दशीला पहाटे सरकारी दवाखान्यात फराळ घेऊन गेले होते. बाहेरगावचे नातेवाईक तिथं जिन्यात, व्हरांड्यात झोपलेले असतात. गोकाककडची एक अज्जी नवऱ्याच्या खाटेशी बसलेली. मला कन्नड येतं ते बाजारापुरतं. विचारलं, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का. ती हसली. डबा घेतला, बाजूला ठेवला, आणि केसांकडं हात नेऊन काहीतरी म्हणाली. दोनदा सांगितलं तेव्हा कळलं. नऊ दिवस अंघोळ नाही, खाट सोडता येत नाही, आणि आज तर तेलाची अंघोळ.

घर दहा मिनिटांवर. सुनेला फोन केला, ती येऊन स्कूटरवरनं अज्जीला घेऊन गेली. उटणं, तेल, कढत पाणी. मी तिच्या जागी बसले, सलाईनच्या बाटलीवर डोळा ठेवून. आजोबा मधेच डोळे उघडून माझ्याकडं बघायचे, ही कोण म्हणून, आणि पुन्हा मिटायचे.

ती आली, ओले केस, सुनेची साडी. गाठोड्यातनं जोळद रोट्टी, म्हणजे ज्वारीची भाकरी, आणि शेंगाचटणी काढून माझ्या हातावर ठेवली, मी नको म्हणायच्या आत. पण त्याच्याही आधी तिनं बाटलीकडं बोट दाखवून विचारलं, नर्सला हाक मारली का, संपत आलीय.